दहाची धार

आमच्याकडे गायीची धार सकाळी दहाला निघते. गाईगुरांत वाढलेला माणूस हे ऐकून कपाळाला हात लावेल. गाय म्हणजे काय बँक आहे, दहाला उघडायला? पण शेतावर राहायला येणाऱ्या पाहुण्यांना आठाच्या आत जाग येत नाही. मग त्यांच्या आंघोळी, नाश्ता, मग हरवलेल्या टोप्या शोधणं. ‘स्वतःच्या हाताने धार काढा’ असं आमच्या ह्यांनी फाटकावरच्या पाटीवर रंगवून घेतलंय. म्हणून भुरी थांबायची. कासेला तडस लागून पाय बदलत ती उभी, आणि तिच्या शेजारी मी, तोंडभर हसत.

पूर्वी गोठाभर गायी होत्या. त्याच गोठ्याला फरशी घातली, खिडक्यांना पडदे लावले आणि पाहुण्यांच्या खोल्या केल्या. बाकीच्या गायी विकल्या. भुरी राहिली, कारण ती लाथ मारत नाही. तिची आई वितानाच गेली होती, त्यामुळे तिला मी बाटलीने दूध पाजून मोठी केली. मला मूलबाळ नाही. हे एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही.

परवा संध्याकाळी तिचा मागचा उजवा सड हाताला गरम लागला. मी घरात सांगितलं. हे म्हणाले, सकाळी पाहुणे जातायत, तेवढे जाऊ दे, मग बघू. सासरे म्हणाले, गरम पाण्याने शेक. सासूबाई चादरी मोजत राहिल्या. सकाळी पाहुण्यांच्या पोरांनी चार चिळकांड्या मारल्या, एकमेकांच्या तोंडावर उडवल्या, फोटो काढले आणि अर्धं दूध कासेतच ठेवून गाडीत बसून निघून गेली. मी उरलेलं काढायला बसले, तर सडातून पिवळ्या गुठळ्या आल्या.

दगडी. गुरं पाळणाऱ्या घरात हा शब्द कोणी मोठ्याने काढत नाही. कास सुजून दगडासारखी होते, आणि दूध आत साचलं की विष अंगात चढतं.

आज सकाळी गुरांचे डॉक्टर येऊन गेले. ताप बघितला, औषधं टोचली, पान्ह्याचंही इंजेक्शन दिलं. पण भुरी दुखण्याने अशी आखडली होती की तिने त्यालाही दाद दिली नाही. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, संध्याकाळपर्यंत कास मोकळी झाली तर गाय वाचेल. मी विचारलं, नाही झाली तर? त्यांनी हात पुसले आणि टॉवेल माझ्या हातात दिला.

तेव्हापासून मी तिच्या कासेशी बसले होते. शेकलं, तेल लावून चोळलं, गोंजारलं, देवाला बोल लावला. थेंब नाही. पान्हा असा चोरला होता तिने, जणू मी कोणी परकीच. कालपासून वैरणीला तोंडही लावलं नव्हतं. कान थंडगार पडलेले. दुपार कलली तशी माझी बोटं वळेनात.

तेवढ्यात ह्यांना अक्कल सुचली. म्हणे, तिला आता गलक्याची सवय झालीय. पाहुणे आल्याशिवाय ती सोडायची नाही. मी म्हटलं, पाहुणे उद्या येणार, तोवर हिची माती होईल. हे म्हणाले, मग आपणच पाहुणे होऊ.

बुडत्याला काडीचा आधार. मी हो म्हटलं.

आणि मग जे झालं ते शत्रूलाही बघायला लागू नये. सासरे गळ्यात बंद पडलेला कॅमेरा अडकवून आले. ह्यांनी काळा चष्मा घातला. सासूबाईंनी कोण्या पाहुणीची राहून गेलेली गवती टोपी पदरावरून चढवली. तिघं ओळीने उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. सासरे ‘वा, वा’ म्हणत होते. हे पोरांसारखे चिरके ओरडत होते. मी सड धरून ओढत होते. कोरडा. भुरी नुसती थरथरत होती.

सासूबाईंना वाटलं, आपलंच काही कमी पडतंय. पाहुण्यांकडून हजारदा ऐकलेलं वाक्य त्यांनी पुढे होऊन म्हटलं. “किती शांत आयुष्य आहे हो तुमचं.”

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

शांत? मी म्हटलं, शांत? या घरात आल्यापासून मला शांतपणे चहाचा घोट मिळाला नाही. सासूबाईंना चादरीवरचा डाग दिसतो, माणसाच्या अंगातला ताप दिसत नाही. सासऱ्यांना विचारावं तर प्रत्येक गोष्टीला एकच औषध, गरम पाणी. आणि हे! पाटी रंगवायला ह्यांना सवड आहे, गायीच्या कासेला हात लावायला नाही. गोठ्यात माणसं झोपतात आणि गाय उघड्यावर, काय डोकं चालवलंय! आणि मी मेली त्या परक्या पोरांपुढे दात काढत उभी राहिले, तोंडाला कुलूप लावून.

बोलता बोलता मी कपाळ भुरीच्या पोटाला टेकलं होतं. पूर्वी रोज पहाटे असंच असायचं. घर झोपलेलं, मी आणि भुरी, हात चालायचा आणि तोंडही. सगळ्या घराची गाऱ्हाणी तिच्या कानावर घातली की माझा दिवस निभायचा. धार दहावर गेली आणि ते बोलणंच बंद झालं. लोकांसमोर कशी घरची धुणी धुणार?

पोटाला टेकलेल्या कपाळाला तिचा श्वास खोल गेलेला कळला. बोटांखाली सड भरला. बादलीत धार वाजली.

मी गप्प झाले. धारही थांबली.

मागे सगळे ऐकत उभे होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. लाजेने मान वर होईना. चष्मा काढून हे खाली बघत होते. सासूबाई टोपीसकट माझ्या शेजारी मातीत बसल्या.

“बोल,” त्या म्हणाल्या. “थांबू नकोस. माझ्याबद्दल अजून असेल ना, ते बोल.”

मी बोलले. वर्षानुवर्षांचं साठलेलं बोलले. माझ्या आजारपणात त्यांनी पाहुण्यांसाठी माझी गादी काढून नेली होती तेही बोलले. धार लागली, आधी तीन सडांना. चौथ्यातून रक्त आलं, मग गुठळ्या, मग पू. ह्यांनी बादल्या बदलल्या. शेवटी माझ्याकडचं संपलं. जिभेवर एक गाऱ्हाणं उरलं नाही आणि चौथा सड अजून टणक होता.

“आई, संपलं,” मी म्हटलं आणि रडायला लागले.

“मग मी सांगते तुझं,” सासूबाई म्हणाल्या आणि त्याच सुरात सुरू झाल्या. हिच्या हाताला मीठ जास्त, ही दार आपटते, ही नवऱ्याला फार बोलते. मूल गेलं तेव्हा ही माझ्या कुशीत रडली नाही, गोठ्यात जाऊन या गायीजवळ रडली. मी दाराआड उभी होते, मला आत बोलावलं नाही.

माझे हात थांबले नाहीत. सड हळूहळू मऊ पडत गेला.

भुरीने मान वळवली. सासूबाईंच्या डोक्यावरच्या टोपीचा काठ दातांत धरला, ओढून घेतला आणि सावकाश चावायला लागली. टोपी सोडवायला कोणी हात पुढे केला नाही. सासूबाई पुढचं सांगत राहिल्या.