सहीसकट गुप्त मतदान

खोबऱ्याच्या वड्यांचा डबा, झाकण घट्ट बसलेलं.

सलाईनचं रिकामं खोकं, वर कात्रीने पाडलेली फट.

'सिस्टर' अशी हाक आली की भर रस्त्यातही वळणाऱ्या माना.

निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: पूर्व उपनगर परिचारिका भगिनी मंडळ.

मुलुंड पूर्व. सोसायटीचं ऑफिस, रविवारी तीन ते पाच.

३.१०. रुक्मिणी सिस्टर अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या. पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. खुर्चीला टेकली तरी उठायच्या तयारीतच. पाच वर्षांत मंडळात नवी अशी एकच आली होती, अक्षता, आणि तिनेच आज ठराव आणला होता: यापुढे नाव 'नर्सेस नेटवर्क, मुलुंड'. रुक्मिणी सिस्टरांना जुनं नाव सोडवत नव्हतं. ते गेलं की आपणही निकालात निघालो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

३.१५. "राग नका मानू सिस्टर," अक्षता म्हणाली, "पण माझ्या वॉर्डातल्या मुलींना 'भगिनी मंडळ' म्हटलं की हळदीकुंकूच वाटतं. आधी विचारतात, साडी नेसावी लागेल का."

"नेसली तर काय अंगाला टोचते?"

"रुक्मिणे, तू स्वतः ड्रेस घालून आलीयेस," शेजारून शकू म्हणाली. ट्रेनिंगला होस्टेलच्या एकाच खोलीत राहिलेली शकू, वाकोल्याहून दर रविवारी येणारी.

३.३०. मतदान गुप्त. हा आग्रह रुक्मिणी सिस्टरांचाच. उगाच कुणाची मनं दुखवायला नकोत. खोक्यात अकरा चिठ्ठ्या पडल्या.

३.४०. चिठ्ठ्या उघडता उघडता त्या थबकल्या. 'जुनं. ३.३२.' खाली सही. 'नवं. ३.३३.' खाली सही. जन्मभर डोस दिला की वेळ टाकायची, सही करायची; सही नाही तर डोस दिलाच नाही. हात काही रिटायर होत नाहीत. दहा जणींनी गुप्त मतावर वेळ घालून सही ठोकली होती. बिनसहीची एकच, अक्षताची. तिच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर.

पाच-पाच झालं. शेवटची चिठ्ठी: 'नवं. ३.३४.' खाली लांब शेपूट ओढलेली सही. ही सही त्यांनी झोपेतही ओळखली असती.

३.४५. "माझ्याविरुद्ध दिलंस गं, शकू?"

"तुला काय माहीत? गुप्त होतं ना?"

"सही केलीयेस, बये."

शकूने जीभ चावली. मग म्हणाली, "ड्यूटी संपल्यावर तू कधी ओव्हर न देता घरी गेलीस? एकेका पेशंटचं पुढच्या सिस्टरला सांगितल्याशिवाय?"

"कधीच नाही."

"मग मंडळाची ओव्हर कुणाला देणारेस? मला? माझे गुडघे बघ."

रुक्मिणी सिस्टरांनी गुडघे बघितले. बराच वेळ बघितले.

४.०५. ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी मंजूर. वेळ, सही. मग त्यांनी अक्षताला शेजारी बसवलं.

"लिहून घे. नलिनीला शुगर आहे, वड्या मागेल, द्यायच्या नाहीत. सपना एकटी राहते, मंगळवारी फोन करायचा. उचलला नाही तर जाऊन बेल वाजवायची."

अक्षताने मोबाइल काढला.

"कागदावर. आणि खाली वेळ टाक, सही कर."

अक्षताने वेळ टाकली, सही केली. तेव्हा कुठे त्या खुर्चीत मागे रेलून बसल्या.

मंडळाच्या जुन्या वहीतली पहिली नोंद: १२ जुलै १९८७, सायंकाळी ५.२०. 'भगिनी मंडळ' हे नाव शकूने सुचवलं.