मिठाच्या दुकानातला खांब

मी खांब बोलतोय. सेलूच्या बाजारात दत्तरावांचं मिठाचं ठोक दुकान आहे ना, तिथला कोपऱ्यातला. बावीस वर्षं गिऱ्हाइकांच्या घासाघिशी ऐकतोय, म्हणून बोलणं थोडं दुकानदारी वळणाचं. गोड मानून घ्या.

खडी, वाळू, सिमेंट आणि चार गजांचा मी. वर मालकांचं घर, खाली मिठाची पोती. समुद्र मी पाहिला नाही, पण तो पोत्यात बसून रेल्वेनं माझ्याकडे आला.

सांडलेलं मीठ तुडवलं तर देवाघरी पापण्यांनी उचलावं लागतं, ही दत्तरावांच्या आईची शिकवण. म्हणून रोज संध्याकाळी ते सांडलेलं मीठ बादलीत विरघळवायचे अन् कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ओतायचे. म्हणजे माझ्या बुडाशी! माणूस पापाला भितो, खांबाला कोण विचारतो?

पाणी आत मुरलं, गज गंजले. गंजलेलं लोखंड फुगतं, अन् फुगलं की सिमेंट फोडतं. मला तडा गेला. दत्तरावांनी तो लिंपून वर रंग मारला. जुन्या मालाला नवं पोतं! चार महिन्यांत लिंपण गळालं अन् गंजका गज उघडा पडला.

मग शेजारच्या सुकेशनीला बोलावलं. ती बांधकामाची इंजिनिअर. तिनं छोट्या हातोडीनं मला ठोकून पाहिलं. वर खणखणीत, खाली पोकळ बदबद.

"काका, हितं पाणी कुठून मुरायलंय?"

"तिकडं नळच न्हाई पोरी."

मालकीण धुरपताबाई जिन्यातून म्हणाल्या, "नळ न्हाई, पण बादली हाय की! पापण्या वाचवायच्या नादात घर घालवताल तुमी!"

"टेकू लावा अन् वरचं घर आजच रिकामं करा," सुकेशनी म्हणाली. "खांबात मीठ कंबरेच्या वर चढलं असंल तर मजला उतरवावा लागंल."

तिनं माझ्या अंगाला तीन ठिकाणी भोकं पाडून भुकटी तपासायला पाठवली. बादली त्याच दिवशी मोरीकडे गेली.

आठ दिवस मालक-मालकीण शेजारी राहिले. धुरपताबाई येता-जाता माझ्याकडे बघायच्या, दवाखान्यातल्या माणसाकडे बघावं तसं.

नवव्या दिवशी सुकेशनी हसतच आली. "गुडघ्याच्या वर चढलं न्हाई काका. घर वाचलं."

दत्तराव म्हणाले, "लय भेव दाखवलंस बाई!"

कुजका भाग फोडला, नवे गज जोडले, घट्ट काँक्रीट भरलं. आता माझा पाय हत्तीसारखा दिसतो, दिसू द्या. तुमच्या खांबाला तडा गेला तर रंगाचा डबा आणण्याआधी जाणतं माणूस आणा, एवढंच मागणं.

काल टेकू निघाले. धुरपताबाई वर जाऊन मिरच्या कुटायला बसल्या. पहिला ठोका माझ्या बुडापर्यंत आला. त्या थबकल्या.

"अहो, काय हाललं का?"

दत्तरावांनी माझ्यावर तळहात ठेवून पाहिलं.

"न्हाई. कूट बिनधास्त!"