आधी समई, मग सुभद्रा

मित्रांनो, मी एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह आहे. संगणकाचं तोंडच म्हणा ना. पापडाएवढी चौकोनी, काळी चकती माझ्या फटीत सारली की मी करकर करत ती वाचायचो आणि पडद्यावर अक्षरं उमटायची. एका वेळी एकच घास.

१९८८ साली नागपूरच्या एका खाजगी इस्पितळात, नोंदणीच्या खिडकीशी मला बसवलं. पेशंटांचे जुने कागद गठ्ठे बांधून माळ्यावर गेले आणि त्यांची माहिती माझ्या चकत्यांत आली.

व्यवस्थापक वामनराव आधी म्हणाले, सकाळीच सगळं वाचून घ्या. चकत्या संपेपर्यंत अकरा वाजत, आणि संगणकाचं पोट तेवढं मोठं नव्हतंच. पुढचं आत गेलं की मागचं सांडे. मग ठरलं, जो येईल त्याची चकती तेव्हाच लावा. तर माणसामागे तीन मिनिटं, आणि रांग थेट रस्त्यावर.

तोडगा काढला खिडकीवरच्या अनुसयाबाईंनी. संगणक त्या बघून बघूनच शिकलेल्या. मंगळवारी सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट येत, तर त्यांची चकती खिडकी उघडण्याआधीच वाचून ठेवायची. बाकीच्यांची मागितल्यावर. आणि पडद्यावर स्वागताला दाखवायचं समईचं चित्र, तेही एका चकतीवरूनच येई, ते समोर कुणीच नसेल तेव्हा. रांग ओसरली. दसऱ्याला मला हळदकुंकू लागलं, झेंडू मिळाला. मी फुगलो, खोटं कशाला सांगू!

मग एका मंगळवारी पाहुणे आले. वामनराव म्हणाले, "अनुसयाबाई, आज आधी समई. नावं मंग."

"साहेब, आज सिकलसेलवाले येऊन राहिले. समई चार मिनिटं खाते."

"खाऊ द्या ना! पाहुणे रोज येतात का?"

चित्र खालून वर उमटे: बैठक, दांडा, शेवटी ज्योत. दांडा निम्मा झाला आणि उमरेडच्या जिजाबाईंनी आपली लेक सुभद्रा हिला आत आणलं. एकोणीस वर्षांची पोर, हाडं ठणकून गुरासारखी ओरडत होती. डॉक्टर धावत खिडकीशी आले. "हिला कोणतं इंजेक्शन चालत नाही? लवकर!"

"एक बाधलं होतं बाप्पा," जिजाबाई म्हणाल्या. "लाल झाकणाचं का निळ्या... मले आठवून नाही राहिलं. तुमीनंच लिहून घेतलं होतं."

चित्राची चकती काढायला अनुसयाबाईंचा हात माझ्या खिट्टीवर आला. वामनरावांनी तो धरला. "समई अर्धी विझवता काय? पाहुण्यांसमोर अपशकुन करता? दोन मिनिटांनं काय होते?"

सुभद्रा किंचाळली. डॉक्टरांना राहवलं नाही. त्यांनी लाल झाकणाच्या बाटलीत सुई घातली.

ज्योत आली. टाळ्या झाल्या. मग अनुसयाबाईंनी चकती लावली आणि जन्मात वाचलं नव्हतं इतक्या वेगानं मी वाचलं. पडद्यावर त्याच इंजेक्शनचं नाव आलं आणि पुढे दोन शब्द: देऊ नये.

दुपारपर्यंत सुभद्रा गेली. जिजाबाई खिडकीत डोकं घालून विचारत होत्या, "काहून वं बाई, या डब्ब्यात माह्या लेकीचं नाव नव्हतं का?"

"होतं," अनुसयाबाई म्हणाल्या.

चौकशी झाली. कागदावर आलं: ड्राइव्ह संथ होता. मला उपटून अडगळीत टाकलं. चित्र मात्र ठेवलं. नव्या ड्राइव्हवर ते दोन मिनिटांत उमटतं म्हणे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असं मी म्हणत नाही. तुम्ही पुढे माझ्याहून वेगवान यंत्रं चालवाल. काय आधी आणायचं नि काय मागून, हे त्यांना तुम्हीच सांगणार. तेव्हा खिडकीशी कण्हतंय कोण ते आधी बघा. पाहुण्यांना खुर्च्या दिलेल्या असतात. ते थांबू शकतात.