चार बोटं पाण्यात

बाबांनी त्या सकाळी सहाव्यांदा नाही म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुरुवारी एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. आता लांबवलंत तर जेवढं दिसतंय तेवढंही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. पण यांचं एकच पालुपद: एक्क्याऐंशी झाली, आता काय बघायचं राहिलंय. दोन महिन्यांनी माझ्या लेकीला बाळ होणार आहे, ते यांच्या खिजगणतीतही नाही.

आम्ही बापलेक पेंटर. म्हणजे आता रंगवते मी. बाबा स्टुलावर बसून चुका काढतात. दिसत नसताना काढतात, हे जास्त झोंबतं. त्या दिवशी एका वाचनालयात काम होतं. ग्रंथपालबाईंना हिब्रू धर्मग्रंथातली वंशावळ भिंतीवर हवी होती. आदामापासून नोहापर्यंत दहा पुरुष, एकाखाली एक. प्रत्येकाच्या आयुष्याचा एक आडवा पट्टा, जन्माच्या वर्षापासून मरणाच्या वर्षापर्यंत, वर्षाला तीन मिलिमीटर. मंडळी नऊ-नऊशे वर्षं जगलेली, त्यामुळे पट्टे भिंतभर. रंग भरण्याआधी मी कडांना चिकटपट्टी लावून घेते. नोहाच्या काळी जग बुडवणाऱ्या महापुराच्या वर्षावर एक उभी पट्टी लावली आणि फणकाऱ्यातच रंगाचा डबा उघडायला बसले.

बाबा उठले आणि भिंतीवर बोटं फिरवत चालू लागले. आठव्या पट्ट्याच्या टोकाशी थांबले.

"हा कोण?"

"मथुशलह. नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला. सगळ्यांत जास्त."

"आणि ही उभी पट्टी पुराची ना? हा चार बोटं पुढे गेलाय. बाई, हा जहाजात होता का हो?"

"नाही," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "जहाजात नोहा, त्याची बायको, तीन मुलगे आणि सुना. तेवढेच वाचले."

"मग वीस वर्षं पोहत होता," बाबा म्हणाले.

मी कागद काढला. मथुशलह एकशे सत्त्याऐंशीव्या वर्षी बाप झाला. मी रागाच्या भरात एकशे सदुसष्ट धरले होते. त्यामुळे त्याचा मुलगा, नातू आणि पूर, सगळेच वीस वर्षं आधी आले. मुकाट्याने पट्ट्या उपटल्या आणि सहा सेंटिमीटर पुढे लावल्या. आता म्हातारा बरोबर पुराच्या वर्षी संपला. चूक माझी, पण राग बाबांचाच आला.

"खरंच जगले का हो एवढं?" बाबांनी विचारलं.

"काहीजण शब्दशः मानतात," बाई म्हणाल्या. "काही म्हणतात, आकडे मानाचे आहेत, पूर्वजांचा मोठेपणा सांगणारे. मला आपली त्यातली वाक्यं आवडतात. अमक्या वर्षी मुलगा झाला, पुढे इतकी वर्षं जगला, आणखी मुलंमुली झाल्या, मग वारला. काय मिळवलं, काय बांधलं, बहुतेकांचं काहीच लिहिलेलं नाही."

"मग मुलगा झाल्यावर हा आदाम आठशे वर्षं करत काय होता?"

"तेही लिहिलेलं नाही."

बाबांनी आदामाच्या पट्ट्याचं टोक शोधलं आणि तिथून बोट सरळ खाली आणलं. नवव्या पट्ट्यावर ते थांबलं.

"हा तर सुरू झालाय."

"लामेख," मी म्हटलं. "नोहाचा बाप. नववी पिढी. आदाम गेला तेव्हा हा छप्पन्न वर्षांचा होता."

बाबांनी बोट पुन्हा वर आदामाच्या टोकाकडे नेलं. मला वाटलं, आणखी एक चूक सापडली.

"करत काही नव्हता," ते म्हणाले. "होता. जन्मलेल्या प्रत्येक पोराचं तोंड बघायला घरात होता." मग माझ्याकडे न वळताच विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

"आठ वाजता. उपाशीपोटी."

"आणि दुसरा डोळा?"

"महिन्याभरानं."

"म्हणजे पोर यायच्या आत दोन्ही होतील."

"होतील," मी म्हटलं. इतका आनंद झाला की भांडायचंही सुचेना.