सासऱ्याची दुनळी

जावयाला सासऱ्याची बंदूक हवी, यात एवढं काय, असं आमच्या माहीम गावातलं कुणीपण म्हणेल. आधी मलापण तसंच वाटलं. पण गेले काही महिने हा माणूस हात धुऊन मागे लागलाय, आणि माझी समिधा, जी लग्नाआधी दिवसभर रेडिओसारखी चालू असायची, ती तोंडाला कुलूप लावून बसलीय. माझं डोकं फिरतं ते त्याने. बंदूक गेली चुलीत. पण ती ज्या घरात जाणार, त्या घरात माझी पोर राहते.

बंदूक म्हणजे आमच्या ह्यांची दुनळी. वाडीतली माकडं उठवायला रीतसर परवाना काढून घेतलेली. दिनानाथांचा बार म्हणून पार शिरगावपर्यंत ओळख होती. आता हे पलंगावर पडून असतात. झटका आला तेव्हा वाचा गेली, डावा हात तेवढा चालतो.

"परवानावाला सत्तरीच्या पुढे गेला की जिवंतपणीच वारसाच्या नावावर करता येते, आई," हर्षित म्हणाला. रविवारची दुपार होती, जेवणं नुकतीच उरकली होती. "जावईपण वारसात धरतात. समिधाने हरकत नसल्याची सही केलीय. तुमचीच राहिलीय."

हर्षितचा बोईसरला कारखान्यांना पत्रे पुरवायचा धंदा. घरी हॉलमध्ये भिंतभर तलवारी आणि जुनी शिरस्त्राणं लावलीयत. संग्राहक म्हणवतो स्वतःला. त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. कुठला तरी अमेरिकेतला गोरा बोलत होता. तिकडे म्हणे साधा माणूस मशीनगन घेऊ शकतो. जुनी, सरकारदरबारी नोंदलेली असली तर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होते.

"काय सांगतो हा?" मी विचारलं.

"सल्ला देतो. घाई करू नका. आधी कागद बघा, मग बंदूक. आणि मालकाशी गोड बोला."

गोड तर तुमी बोलताच, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.

"आपल्याकडे मशीनगन मिळायची नाय," तो म्हणाला. "म्हणून बाबांच्या दुनळीपासून सुरुवात."

"आणि शेवट कशाने करणार?"

तो हसला. समिधा नाय हसली.

बघायला तरी द्या म्हणाला, म्हणून मी कपाटातून काढून दिली. आता हौशी माणूस काय विचारेल? कुणी बनवली, किती जुनी, लाकूड कुठलं. याने विचारलं, छर्रा किती पसरतो. मग म्हणाला, "म्हणजे खोलीएवढ्या अंतरावर?"

"खोलीत कुठली माकडं येतात तुमच्याकडे?" मी म्हटलं.

त्याने दुनळी मधून मोडली, नळ्यांतून आरपार बघितलं. बंदूक खट्कन मिटली, समोरच्या भिंतीवर रोखली आणि चाप ओढला. रिकामीच होती. पण ह्यांचा घरात एक नियम होता. रिकामी बंदूक चालवायची नाय, आतली पिन तुटते. तपासायचीच तर वापरलेली काडतुसं घालून तपासायची. समिधा शाळेत असल्यापासून बापाच्या शेजारी बसून नळ्या पुसायची. तिलापण हे पाठ हाय.

अहो, पिन तुटेल, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात समिधा उठली. भिंतीजवळ गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात डोक्यामागे घेऊन उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

"अगं, इथे नाय," हर्षित हळूच म्हणाला. गोडच म्हणाला.

ती परत येऊन जागेवर बसली आणि ओढणी सारखी केली.

इतके दिवस माझा जीव टांगणीला लागला होता की ही बंदूक त्या घरात जाईल. बापाचा बार डोक्यावरून गेला तरी खिदळणारी माझी पोर. तिला या नुसत्या आवाजाची सवय कुठे लागली? तलवारी काय असा आवाज करत नायत.

"सही मिळणार नाय," मी म्हटलं आणि समिधाचं मनगट धरलं. गार पडलं होतं. "आणि समिधा आता इथेच राहील."

हर्षितने दुनळी चटईवर ठेवली. माझ्याकडे बघितलं, पलंगावरच्या ह्यांच्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"बरं," तो म्हणाला. "मला काय घाई नाय, आई."

चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि अंगणात उतरला.

"त्याच्याकडे घरी दुसरी हाय ना?" मी समिधाला विचारलं. "चोरून घेतलेली?"

कितीतरी दिवसांनी ती माझ्या डोळ्यात बघून बोलली.

"घरीच असते. आज गाडीत आणलीय."

मी दाराला कडी घातली आणि कान देऊन उभी राहिले. एव्हाना गाडी सुरू झालेली ऐकू यायला हवी होती. दार उघडल्याचा आवाज आला, गाडीचंच. पुढे काय नाय.

मागून टकटक झाली. वळून बघते तर हे डाव्या हाताने पलंगाची फळी वाजवत होते आणि बोटाने खाली दाखवत होते. काडतुसांचा डबा तिथे असतो. मी गुडघ्यावर बसून तो ओढला. समिधाने चटईवरची दुनळी उचलली, मधून मोडली आणि माझ्यापुढे हात पसरला.