सबनीसांचं कपाट

अवधूत परबचं लग्न जमत नव्हतं आणि त्याला कारण होतं त्याचं काम. लालबागला राहणारा हा पस्तिशीतला माणूस बँकांच्या स्ट्राँगरूमची कुलपं बसवायचा, दुरुस्त करायचा, आणि चावी हरवली की दार उघडूनही द्यायचा. मुलीकडचे 'बँकेचं काम' एवढं ऐकून खूश व्हायचे. नेमकं काय काम ते कळलं की पुढचा फोन यायचा नाही.

म्हणून गिरगावातल्या सबनीसांनी आपणहून बोलावलं तेव्हा त्याची आई, मीराबाई, बुचकळ्यात पडली.

"आपल्यातले नाय, वळखीचे नाय, आणि आपणहून बोलयतत?"

तात्या सबनीस बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेले. दादरच्या एका विवाहमंडळात त्यांनी अवधूतची माहिती वाचली होती. फोनवर त्यांनी पगार विचारला नाही, घर केवढं तेही नाही. येताना हत्यारांची पेटी आणा, तुमचं काम बघायची फार इच्छा आहे, एवढंच म्हणाले. इतक्या मुलींना बघून झालं, पण पेटी आणा असं कुणी म्हटलं नव्हतं. अवधूत हरखून गेला.

रविवारी तो गेला. तात्यांच्या पत्नी ललिताकाकूंनी पोहे दिले. त्यांची मुलगी आकांक्षा शाळेत भूगोल शिकवायची. ती समोर बसली आणि दोघांचं जरा कुठे बोलणं सुरू होतंय तोच तात्या उठले आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे हिरवं लोखंडी कपाट होतं. त्याची चावी दिवाळीपासून सापडत नव्हती. नाक्यावरचा चावीवाला तात्यांना चालणार नव्हता. आयुष्यभर बँकेची चावी सांभाळलेल्या माणसाच्या कपाटाला कुणीही हात लावावा, हे त्यांना पटेना.

म्हणजे आपल्याला कशासाठी बोलावलंय, हे अवधूतला तिथेच कळलं. तात्या चष्मा आणायला बाहेर गेले, तेवढ्यात आकांक्षा पाण्याचा तांब्या घेऊन आत आली.

"उघडू नका," ती हळूच म्हणाली. "आत बाबांची क्लॅरिनेट आहे."

मग तिने भराभर सांगितलं. निवृत्तीनंतर तात्यांनी क्लॅरिनेट धरली. एकच गाणं, पहाटे, आणि दर वेळी त्याच जागी अडकायचं. शेजारी शिष्टमंडळ घेऊन आले होते. खालचे शरच्चंद्र काका तर लेकीकडे वडाळ्याला राहायला गेले ते परत आलेच नाहीत. शेवटी आईने वाद्य कपाटात कोंडलं. चावी हरवली वगैरे काही नव्हती, ती आईच्या कमरेला होती.

अवधूतने मान डोलावली. मुलगी त्याला आवडली होती. तात्या आले तेव्हा त्याने कुलपात उगाच खुडबुड केली, दोन सुस्कारे सोडले आणि आतला लिव्हर अडकलाय, हे काही निघणार नाही, असं सांगितलं.

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला कुठल्या बँका बोलावतात, जरा नावं सांगा. माझे ओळखीचे आहेत तिथे. त्यांना सावध करतो."

हे मात्र अवधूतला झोंबलं. पुढचं त्याचं त्यालाही कळलं नाही. हात पेटीत गेला, कुलूप खट्‌कन वाजलं आणि कपाट सताड उघडलं. तात्यांनी क्लॅरिनेट काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि तिथेच वाजवायला घेतली. समोरच्या बिल्डिंगमधली एक खिडकी धाडकन बंद झाली. ललिताकाकूंनी कपाळाला हात लावला. आकांक्षाने अवधूतसमोरचा तांब्या उचलला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

गाणं नेहमीच्या जागी अडकलं. तेवढ्या शांततेत अवधूतला सुचलं.

"तात्या, एक विचारू? बँकेची स्ट्राँगरूम तुम्ही एकट्याने उघडत होता?"

"छे! एक चावी मॅनेजरकडे, एक माझ्याकडे. दोघं असल्याशिवाय दार हलायचं नाही."

"मग घरात असं एकाच चावीवर कसं काय चालवून घेतलंत?"

तात्या विचारात पडले. नियमाचा माणूस, घरातल्या हलगर्जीपणाची त्यांना खरोखरच लाज वाटली. पुढच्या रविवारी अवधूतने कपाटाला दुसरं कुलूप बसवलं. जुन्या कुलपाची नवी चावी तात्यांकडे, नव्याची ललिताकाकूंकडे. काकू संध्याकाळी भाजीला निघताना आपलं कुलूप काढून देतात आणि आल्यावर लावून घेतात. त्या वेळेला हल्ली अर्ध्या बिल्डिंगला भाजी लागते. पहाटे मात्र सगळे झोपलेले असतात.

कुलूप बसवून अवधूत निघाला तेव्हा आकांक्षा जिन्यापर्यंत आली.

"मी नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो. पण कुलूप उघडत नाही, असं तोंडाने म्हणवत नव्हतं मला. म्हटलं ते म्हटलं, पण निभावलं नाही."

ती हसली नाही, पण कुठल्या बँकेचं दार सगळ्यात जड होतं ते तिने विचारलं. अवधूत सांगायला लागला आणि दोघं बोलत बोलत चर्नी रोडपर्यंत चालत गेले.

शनिवारी ती लालबागला यायची ठरली. मीराबाईला अजून त्या माणसांचा भरवसा वाटत नव्हता. तिने स्वतः फोन लावून ललिताकाकूंना विचारलं, तुमच्याकडे मासे चालतात का? पलीकडून उत्तर आलं की बोंबील असतील तर आम्ही तिघंही येतो. मीराबाईने फोन ठेवला आणि बाजाराची पिशवी शोधायला लागली.