उनामावशीचा उंबरा

"फोन येणाराय, पाहुणा नाही. सारखी दाराशी काय जातेस? बस गं," मालतीबाई म्हणाल्या.

स्मिता बसली आणि पुन्हा उठली. वाशीतल्या त्या बिल्डिंगीत तेव्हा फोन एकच होता, मालतीबाईंचा, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. बेलफास्टहून उना तिच्या घरातून बोलणार होती. उद्या तिचं हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी तिला स्मिताच्या लेकीचा, नंदिनीचा आवाज ऐकायचा होता.

स्मिताच्या नवऱ्याच्या, दिलीपच्या नोकरीपायी ही माणसं काही वर्षं तिकडे राहिली. नंदिनीचा जन्म तिथलाच. स्मिता हॉस्पिटलात ड्यूटीवर जाई आणि तान्ह्या पोरीला शेजारची उना सांभाळी. उनाच्या गल्लीतल्या कुटुंबांनी पदरमोड करून शेजारी शेजारी घरं बांधली होती, का तर मुलं आपल्या आयरिश भाषेतच वाढावीत. उनाच्या उंबऱ्याआत इंग्रजीला मज्जाव. स्मिताशी ती इंग्रजी बोले ते अंगणात, पोर आत झोपलेली असताना. घरात आलं की सगळा कारभार खुणांचा. नंदिनीचे बोबडे बोल त्या भाषेतले.

इथे परतल्यावरही ती तेच बोले, म्हणून शाळेतली मुलं तिला 'येडी' म्हणू लागली. वर्गाच्या बाईंनी स्मिताला बोलावून समज दिली. त्या संध्याकाळी नंदिनी दोरीवरच्या उड्या तिकडच्या आकड्यांत मोजत होती. स्मिताने दोरीच हिसकावून घेतली. "पुन्हा ते बोलायचं नाही." पोर गुणाची. पुन्हा बोलली नाही.

आज सकाळपासून मात्र स्मिता तिच्या मागे लागली होती, आठव, काहीतरी आठव. नंदिनी फ्रॉकचा पट्टा चावत राहिली.

फोन वाजला. नंदिनीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. स्मिताने वाकून कान जवळ नेला. खरखरीतून उनाची जुनी लाडाची हाक आली, मग एक प्रश्न, मग तोच प्रश्न पुन्हा. नंदिनीचे ओठ हलले. तिने आईकडे पाहिलं.

"बोल ना बाळा. आज बोल."

शब्द फुटेना. मग आपल्याच उंबऱ्याच्या आत उभ्या असलेल्या उनाने सावकाश, चक्क इंग्रजीत विचारलं, बाळ, आता केवढी झालीस?

नंदिनीने रिसीव्हर आईपुढे धरला.

"आई, ही दुसरीच कोणीतरी आहे. उनामावशीला इंग्रजी येत नाही."

स्मिताने तो कानाला लावला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. लाइन तुटली तरी ती तशीच उभी होती. शेवटी मालतीबाईंनी तिच्या हातातून रिसीव्हर घेऊन ठेवला, वर रुमाल घातला आणि त्याची टोकं सारखी केली.